निवडुंगांचा संग्रह पाहायला जाताना

सोलापुरात कोणाच्या गच्चीवरचा निवडुंग आणि सक्युलंटचा (पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांचा) संग्रह पाहायला जायचे ठरले, की पहिला विचार वेळेचा करावा. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी आठ वाजून गेले, की गच्चीवरची शहाबादी फरशी तापू लागते आणि यजमानालाही आपल्यासोबत उन्हात ताटकळावे लागते. म्हणून त्या दिवसांत सूर्योदयानंतर लगेच पोहोचावे. सप्टेंबरातला पावसाचा जोर ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तेव्हा निवांत उभे राहून एकेक कुंडी पाहता येते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. तो दिवस कोणता, हे फोनवर आधीच विचारून घ्यावे आणि त्या सकाळी जाणे टाळावे. हौद आणि पिंपे भरण्याच्या घाईत असलेल्या माणसाकडून मन लावून माहिती देण्याची अपेक्षा करता येत नाही.

फुले पाहण्यासाठीच जायचे असेल, तर वेळेचे गणित बदलते. अ‍ॅस्ट्रोफायटम आणि जिम्नोकॅलिशियम यांची फुले चांगले ऊन चढल्यावर उमलतात, तर इकिनॉप्सिसच्या अनेक जातींची पांढरी, लांब देठाची फुले रात्री उमलून दुसऱ्या दिवशी ऊन वाढताच मलूल होतात. आपल्याकडे घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावले जाणारे झाडही निवडुंगच आहे आणि त्याचे फूल पहाटेपर्यंतच टिकते. त्यामुळे कोणत्या झाडाला कळी आली आहे हे विचारून, यजमान सांगेल ती वेळ गाठावी, मग ती रात्री दहाची का असेना.

निघण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. आदल्या दिवशी स्वतःच्या कीड लागलेल्या झाडांत काम केले असेल, तर तेच कपडे घालून जाऊ नये, कारण पिठ्या ढेकणाची पिल्ले इतकी बारीक असतात की ती कपड्यांवरून आणि हातांवरून सहज दुसरीकडे जातात. खांद्यावरची पिशवी खालीच ठेवावी, पदर किंवा ओढणी नीट खोचून घ्यावी आणि पायांत बंद चपला किंवा बूट असावेत. कुंड्यांच्या दोन रांगांमधली वाट बहुधा एका माणसापुरतीच असते आणि वळताना लागलेल्या पिशवीच्या धक्क्याने वर्षानुवर्षे वाढवलेला गोल निवडुंग कलंडू शकतो. लहान मूल सोबत असेल, तर त्याचा हात सोडू नये.

हात लावण्याबाबत नियम एकच ठेवावा: विचारल्याशिवाय कशालाही नाही. काटे हे त्याचे एक कारण आहे. फड्या निवडुंगाच्या प्रत्येक ठिपक्यात मोठ्या काट्यांखेरीज केसांसारख्या बारीक कुसांचा झुबका असतो. त्या नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि कातडीत रुततात. रुतल्याच तर चोळू नये, उजेडात बसून चिमट्याने एकेक काढावी. त्रिधारी निवडुंगासारख्या युफोर्बियांचा चीक डोळ्यांत गेला, तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

दुसरे कारण झाडाच्या बाजूचे आहे. इचेव्हेरियाच्या पानावर जी निळसर-पांढरी पावडर दिसते, ती धूळ नसून पानाने स्वतः तयार केलेला मेणाचा थर असतो आणि तो कडक उन्हापासून पानाचे रक्षण करतो. त्यावर अंगठा टेकवला, की तेवढा भाग हिरवा व चकचकीत होतो. जुन्या पानावर तो थर सहसा पूर्ववत होत नाही, त्यामुळे ते पान गळेपर्यंत ठसा तसाच राहतो. ज्याने ते झाड जपले आहे, त्याला तो रोज दिसतो.

आता काय पाहावे, याकडे वळू. नवखा पाहुणा फुले आणि दुर्मिळ नावे यांत रमतो. माझ्या मते खरे शिक्षण झाडांच्या मांडणीत असते. पुस्तकांत लिहिलेले वेळापत्रक बहुतेक वेळा थंड प्रदेशातले असते, आणि सोलापूरचा चाळीस अंशांच्या वरचा मे महिना सोसून जगलेले झाड कोठे ठेवले आहे, हे फक्त अशा गच्चीवरच कळते. पश्चिमेकडच्या कठड्याशी कोणती झाडे आहेत, शेडनेटखाली कोणती, भिंतीच्या सावलीत कोणती, हे नीट टिपून घ्यावे. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया उघड्या उन्हात सहसा दिसणार नाहीत. दिसल्याच तर त्यांना दुपारी सावली कशाची मिळते, ते शोधावे.

त्यानंतर वाकून झाडाचा तळ पाहावा. जुन्या निवडुंगाचे खोड खालून तपकिरी आणि सालीसारखे कडक होत जाते. हे वयाचे लक्षण आहे, रोग नव्हे. कुज मात्र मऊ आणि ओलसर असते. एकाच बाजूला पिवळट-पांढरा कोरडा डाग असेल, तर तो बहुधा उन्हाचा चटका असतो आणि तो कोणत्या दिशेला आहे यावरून कोणत्या वेळच्या उन्हाने भाजले ते समजते. शेंडा निमुळता व फिकट झाला असेल, तर झाडाला उजेड कमी पडला आहे. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसली, तर ती जड पाण्यातल्या क्षारांची असू शकतात; अशा वेळी पावसाचे पाणी साठवून वापरता का, हे जरूर विचारावे.

प्रश्न विचारताना ‘पाणी किती घालता’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर कुंडी, माती आणि ऋतू यांवर अवलंबून असते. ‘पाणी कधी थांबवता’ हा त्याहून उपयोगी प्रश्न आहे. या वनस्पती पानांची किंवा खोडाची छिद्रे प्रामुख्याने रात्री उघडून हवा घेतात. रात्रीही उकाडा राहिला, की त्यांतल्या अनेकांची वाढ मंदावते आणि मुळे पाणी उचलत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात कळवळून पाणी घातलेली इचेव्हेरिया किंवा लिथॉप्स कुजते. अडेनियमचे याच्या उलट असते: ते उन्हाळ्यात जोमाने वाढते आणि थंडीत पाने गाळून विसावते, म्हणून त्याचे पाणी थंडीत कमी करावे लागते. मातीबद्दलही विचारावे. आपल्या भागातली काळी माती ओल धरून ठेवते आणि सुकली की आवळते, त्यामुळे जाणकार चाळलेला मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा यांवर भर देतात. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते आणि त्यामागची कारणे ऐकण्यासारखी असतात.

यजमानाच्या झाडावर कीड दिसली, तर ती चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगावी. झाडांच्या किमती विचारू नयेत. छायाचित्रे परवानगीने काढावीत, पण घराचा पत्ता ओळखू येईल अशी कोठेही टाकू नयेत, कारण दुर्मिळ झाडांची चोरी होते. अमुक झाड परदेशातून मागवले का, अशी चौकशी करताना हेही ठाऊक असावे की जवळजवळ सर्व निवडुंग वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, भारत 1976 पासून त्यात सहभागी आहे, आणि एरिओकार्पससारख्या काही जातींवरचे निर्बंध सर्वांत कडक आहेत.

पिल्लू, म्हणजे झाडाला फुटलेले लहान रोप, मागू नये. बहुतेक निवडुंगप्रेमी आपणहून देतात. दिले, तर नावाची पट्टी तिथेच लिहून घ्यावी आणि ते प्लॅस्टिकऐवजी कागदात गुंडाळून आणावे. घरी आल्यावर कापलेली जागा सावलीत वाळून तिच्यावर कोरडी खपली धरेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात याला जास्त दिवस लागतात. मग कोरड्या मुरुमात लावून आठवडाभर पाणी देऊ नये आणि महिनाभर आपल्या इतर कुंड्यांपासून दूर ठेवून सांध्यांत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसतो का, ते पाहत राहावे. ते रुजले, की यजमानाला कळवावे आणि त्याला पुढे पिल्ले आली, की त्यांतले एक राखून ठेवावे. मूळ झाड एखाद्या पावसाळ्यात कुजून गेले, तर तीच जात त्याच्याकडे परत देता येते.