सर्व्हायव्हल शो, चित्रपट आणि पुस्तकं: बघायची कशी, करून काय बघायचं

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीत बेटावर अडकलेली मुलं पिगीच्या चष्म्याने आग पेटवतात. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याचा नंबर मायनस. मायनसची काच अंतर्गोल असते. ती ऊन एकत्र आणत नाही, पसरवते. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. भर दुपारी गच्चीवर मायनसचा चष्मा कागदावर धरा: मध्ये फिकट सावली आणि भोवती उजळ कड दिसेल. मग +२.५ नंबरचा वाचायचा चष्मा काळ्या कागदावर सुमारे ४० सेंमी उंचीवर धरा. आता तीन-चार मिलिमीटरचा प्रखर ठिपका पडतो आणि तिथे बोट ठेववत नाही. ठिपक्याकडे टक लावून बघू नका आणि शेजारी पाण्याचा मग ठेवा.

जंगलात तगून राहण्याबद्दलचं सगळंच साहित्य असं तपासून घ्यावं लागतं. पडद्यावर युक्ती दिसते, तिची किंमत दिसत नाही. किती तास गेले, किती घाम गेला, कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं, हे आपल्यालाच शोधावं लागतं. ते शोधायची सवय लागली की हे शो आणि पुस्तकं खूप काही शिकवतात.

सुरुवात कुठून करायची

आधी रे मिअर्स यांचे बीबीसीवरचे कार्यक्रम बघा. हा माणूस घाई करत नाही. चाकू कसा धरला, लाकूड कुठल्या अंगाने चिरलं, हे कॅमेरा जवळून दाखवतो आणि ज्या लोकांकडून ते कौशल्य आलं त्यांना मान देतो. प्रत्येक कृती एकदा नुसती बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त हात बघा. बोलण्यात सुटलेल्या बऱ्याच गोष्टी हातात सापडतात.

त्यानंतर लेस स्ट्राउड यांचा ‘सर्व्हायव्हरमॅन’. हा कॅनेडियन गृहस्थ वीसेक किलोचं कॅमेऱ्याचं सामान स्वतः वाहतो आणि एकटाच चित्रण करतो. तो दूर चालत जाताना दिसला, की लक्षात ठेवायचं: त्याने आधी कॅमेरा लावला, मग चालला, मग कॅमेरा आणायला परत आला. पडद्यावर एकदा दिसणारं अंतर तो तीनदा चाललेला असतो. या मालिकेत त्याला बऱ्याचदा अन्न मिळत नाही आणि आगही लवकर पेटत नाही. म्हणूनच ती शिकण्यासारखी आहे.

तिसरी मालिका ‘अलोन’ (२०१५ पासून). दहा स्पर्धक, प्रत्येकाला ठरलेल्या यादीतून निवडलेल्या दहा वस्तू, चित्रण स्वतःचं स्वतः आणि हार मानायला सॅटेलाइट फोन. इथे हिशेब उष्मांकांचा असतो. सहाव्या सीझनमध्ये कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठी जॉर्डन जोनास यांनी मूस (हरणाच्या कुळातला प्रचंड प्राणी) मारला, म्हणजे शेकडो किलो मांस मिळालं. तरी चिंता संपली नाही, कारण चरबी वॉल्व्हरीन (मुंगसासारखा दिसणारा, मोठा मांसाहारी प्राणी) पळवत होता. नुसतं चरबीविरहित मांस खाऊन माणूस भरल्या पोटी खंगतो. यकृत एका मर्यादेपलीकडे प्रथिनांपासून ऊर्जा काढू शकत नाही. ७७ दिवस टिकून ते जिंकले. या मालिकेचा एखादा सीझन बघताना स्पर्धकाने कशावर किती वेळ घालवला याची नोंद ठेवा. सुरुवातीलाच मोठं घर बांधायला घेणाऱ्यांनी त्यात किती ताकद खर्च केली आणि त्या काळात अन्न किती मिळवलं, हे शेजारी शेजारी लिहा.

‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ शेवटी बघा. बेअर ग्रिल्स हे माजी सैनिक आहेत, अंगात धाडस आहे, पण कार्यक्रमाची रचना करमणुकीची आहे. काही रात्री ते हॉटेलात राहिल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं आणि त्यानंतर काही प्रसंग मुद्दाम घडवलेले असल्याची सूचना दाखवली जाऊ लागली. ती सूचना मनापासून वाचावी. कड्यावरून उड्या मारत खाली उतरणं हा एकट्या, अडकलेल्या माणसाने घ्यायचा सर्वांत वाईट निर्णय आहे: घोटा मुरगळला की सगळे पर्याय संपतात.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक प्रसंगासाठी चार गोष्टी लिहा: हाताशी काय होतं, किती वेळ गेला, शरीराला काय मोजावं लागलं आणि हा प्रसंग ओढवायच्या आधीचा कुठला निर्णय वेगळा घेता आला असता. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नवख्या माणसाच्या वहीत पहिला रकाना भरगच्च आणि चौथा रिकामा असतो.

सरावाला जॅक लंडन यांची ‘टू बिल्ड अ फायर’ (१९०८ ची आवृत्ती) घ्या. उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे ५९ सेल्सिअस. एकटा माणूस, सोबत कुत्रा. बर्फाखालच्या पाण्यात त्याचे पाय गुडघ्याच्या खालपर्यंत भिजतात. तो आग पेटवतो, आणि नीट पेटवतो: आधी बर्चच्या सालीचा तुकडा, मग सुकं गवत, मग बारीक काटक्या. चूक जागेची आहे. काटक्या सहज मिळतात म्हणून त्याने स्प्रूसच्या झाडाखालीच आग लावली, आणि फांद्यांवर बर्फाचे थर आहेत. प्रत्येक काटकी ओढताना झाडाला हिसका बसतो. शेवटी वरची एक फांदी ओझं टाकते, ते खालच्या फांदीवर पडतं आणि सगळा बर्फ आगीवर कोसळतो. पुढे बोटं बधिर झाल्यामुळे तो सत्तर काड्या एकदम पेटवतो. चौथ्या रकान्यात इथे तीन गोष्टी येतात: आगीच्या जागेवर वर बघितलं नाही, दुसऱ्या आगीचं सामान पहिली पेटवण्याआधी जमवलं नाही, आणि एवढ्या थंडीत एकटा निघाला.

‘१२७ अवर्स’ (२०१०, दिग्दर्शन डॅनी बॉइल, संगीत ए. आर. रहमान) बघताना हात कापण्याच्या प्रसंगावरच सगळे बोलतात. वहीत मात्र हे यायला हवं: अॅरन राल्स्टन एप्रिल २००३ मध्ये युटाहमधल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये गेले तेव्हा कुठे जातोय ते कोणालाच सांगितलं नव्हतं, दगडाखाली हात अडकला तेव्हा जवळ सुमारे ३५० मिली पाणी होतं आणि हत्यार स्वस्तातलं, बोथट होतं. एक चिठ्ठी मागे ठेवली असती तर शोध किती आधी सुरू झाला असता.

‘इन्टू द वाइल्ड’चं पुस्तक (१९९६) आणि चित्रपट (२००७) दोन्ही घ्या, पण पुस्तक आधी. रानात एकट्याने राहायला गेलेल्या आणि तिथेच वारलेल्या क्रिस मॅककँडलेस यांनी १९९२ च्या एप्रिलमध्ये अलास्कातली टेक्लानिका नदी ओलांडली तेव्हा पाणी कमी होतं. जुलैत परत आले तेव्हा हिमनद्या वितळून ती फोफावली होती. दोरावरून नदी ओलांडायचा, हाताने ओढायचा पाळणा थोड्याच अंतरावर खाली होता, पण जवळ सविस्तर नकाशा नव्हता. जूनमध्ये मारलेला मूसही वाया गेला, कारण मांस लवकर आणि पातळ कापून सुकवायला हवं होतं. आणखी एक धडा आहे: त्यांच्या मृत्यूच्या कारणाबद्दल लेखक जॉन क्राकॉर यांनी रानबटाट्याच्या बिया खाल्ल्याने नेमकं काय झालं याचं स्पष्टीकरण नंतरच्या वर्षांत अनेकदा बदललं. त्यामुळे वनस्पतींबद्दल काहीही वाचताना आवृत्तीचं साल आधी बघा.

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी अँडीजमध्ये पडलेल्या उरुग्वेच्या विमानावर ‘अलाइव्ह’ (१९९३) आणि ‘सोसायटी ऑफ द स्नो’ (२०२३) असे दोन चित्रपट आहेत. ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनी वाचले. आसनांचे धातूचे पत्रे उन्हात तिरके ठेवून त्यांवर बर्फ वितळवला आणि पाणी बाटल्यांत जमवलं. वैमानिकाच्या कक्षातल्या रंगीत पट्ट्यांचे गॉगल केले. विमानातलं उष्णतारोधक कापड शिवून झोपायची पिशवी केली. हे तिन्ही वहीत येऊ द्या, कारण प्रत्येकात पडलेल्या वस्तूचा गुणधर्म ओळखला आहे. त्याबरोबर हेही लिहा की विमान नेमकं कुठे आहे याचा अंदाज चुकलेला होता, त्यामुळे त्यांनी पश्चिमेचा अवघड डोंगर चढला.

करून बघायचं ते

आग आधी काडेपेटीने शिका. घमेल्यात वाळू पसरा आणि तीन ढीग करा: काडेपेटीच्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या. पहिला ढीग दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल त्याच्या दुप्पट हवा. लोक इथेच कमी घेतात. फक्त एक काडी वापरून पेटली पाहिजे. धूर येऊन विझत असेल तर काटक्या दाटीने रचल्या आहेत किंवा दमट आहेत. भडकून लगेच विझत असेल तर मधल्या जाडीचा थर कमी पडला. जमल्यावर हेच पावसाळ्यात करा. बाहेरून भिजलेलं लाकूड उभं चिरलं की आतला गाभा सुका निघतो, त्याच्या पातळ कुरळ्या चिपा काढायच्या. कापसाच्या बोळ्यात व्हॅसलिन चोळून डबीत ठेवलं तर एक बोळा काही मिनिटं जळत राहतो.

काठीवर काठी घासून आग हा प्रकार चित्रपटांत मिनिटभरात होतो. प्रत्यक्षात सामान जमवणं हेच मोठं काम आहे. धनुष्याच्या पद्धतीसाठी अंगठ्याएवढी जाड, २० ते २५ सेंमी लांब काठी, तिच्याखाली दीड-दोन सेंमी जाड फळी, वरून दाबायला खळगा असलेला दगड आणि हातभर लांब वाकडी काठी व दोरी लागते. वाकड्या काठीला दोरी बांधून धनुष्य करायचं, दोरीचा एक वेढा उभ्या काठीला द्यायचा आणि धनुष्य पुढे-मागे ओढून ती फळीवर फिरवायची. लाकूड सुकं आणि नखाने वळ उठेल इतकं मऊ हवं. आपल्याकडे सावरीचं हलकं लाकूड चालण्यासारखं. फळीवर आधी खळगा जाळून घ्या, मग कडेपासून जवळपास मध्यापर्यंत त्रिकोणी खाच पाडा. खाचेत जमणारी भुकटी सगळं सांगते. फिकट तपकिरी असेल तर वेग आणि दाब कमी. धागेदार असेल तर लाकूड दमट. करकर आवाज येऊन खळगा चकाकत असेल तर चिमूटभर वाळू टाका. गडद, जवळपास काळी भुकटी भरली आणि हात थांबवल्यावरही धूर येत राहिला, की निखारा तयार झाला. लगेच फुंकर घालू नका. अर्धा मिनिट थांबून तो पिंजलेल्या काथ्यात ठेवा. अग्निहोत्री घराण्यांत आजही अरणीवर दोरीने मंथन करून अग्नी काढतात. तसं मंथन बघायला मिळालं तर जरूर बघा. एक दोरी ओढतो, दुसरा वरून दाबतो, ही विभागणी कुठल्याही शोपेक्षा नीट समजते.

निवाऱ्यासाठी अकिरा कुरोसावांचा ‘देरसू उझाला’ (१९७५) बघाच. रशियातल्या खांका तळ्यावर वारा सुटतो, सूर्य बुडायला आलेला असतो. वाटाड्या देरसू सोबतच्या सर्वेक्षण करणाऱ्या कॅप्टनला एकच काम सांगतो: गवत काप. दोघं धापा टाकत कापत राहतात, मोजणीच्या यंत्राची तिपाई आधाराला उभी राहते, तिच्यावर गवताचा ढीग चढतो. दिशा शोधणं, आग पेटवणं सगळं त्याने बाजूला ठेवलं, कारण अंधारापर्यंत एकच काम होणार होतं. करून बघायला शेतातला पेंढा घ्या, मालकाला विचारून. अंगाखाली दबल्यानंतर किमान १५ सेंमी उरला पाहिजे. अंगावरचा थर हात खांद्यापर्यंत आत जाईल इतका जाड असला तरच पुरेसा. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा अंगाखालचा थर पातळ राहतो आणि थंडी जमिनीतून येते.

पाण्यासाठी जुन्या पुस्तकांत खड्डा खणून प्लास्टिक पसरायची युक्ती हमखास असते. खणताना जाणारा घाम बऱ्याचदा मिळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त भरतो. त्याऐवजी पानांनी भरलेल्या उन्हातल्या फांदीला पारदर्शक पिशवी घट्ट बांधून संध्याकाळी पाणी मोजा, मिळेल थोडंसंच. कण्हेरीसारखं विषारी झाड नको. ओढ्याचं पाणी गाळून खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवायचं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

जे पडद्यावरच राहू द्यायचं

साप चावल्यावर जखम कापणं, विष चोखणं, आवळपट्टी बांधणं यांतलं काहीही करू नका. चावलेला अवयव न हलवता, माणसाला न चालवता, १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष उपलब्ध आहे. लघवी पिऊन तहान भागत नाही. अमेरिकी लष्कराच्या जुन्या एफएम २१-७६ पुस्तिकेतही ती न पिण्याच्या यादीत आहे. अनोळखी वनस्पती थोडी थोडी चाखून तपासायची पद्धत याच पुस्तिकांत असते. अळंब्यांना ती लागूच पडत नाही आणि सहलीवर तिची गरजही नाही.

परदेशी पुस्तकांतली झाडं आपली नाहीत. मॉर्स कोचान्स्की यांचं ‘बुशक्राफ्ट’ कुऱ्हाड आणि आगीसाठी फार चांगलं आहे, पण ते उत्तरेच्या थंड सूचिपर्णी रानाचं आहे. बर्चची साल सह्याद्रीत मिळणार नाही. आपलं रान ओळखायला मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ आणि सावज-शिकाऱ्याच्या हालचाली आवाजांवरून कशा कळतात यासाठी जिम कॉर्बेट यांचं ‘जंगल लोर’ (१९५३) जवळ ठेवा.

राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा ठरतो आणि फासे लावणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली. म्हणून वरचे सगळे प्रयोग गच्चीवर, अंगणात किंवा परवानगी घेतलेल्या शेतात करा. संपल्यावर राखेत पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघूनच उठा.