पेटीच्या तळाला लागलेली बुरशी

दुसऱ्या महायुद्धातील ली-एनफिल्ड क्रमांक ४ (टी) या ब्रिटिश स्नायपर रायफलीची लाकडी वाहतूक-पेटी मी थेट सिमेंटच्या जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली होती. झाकण उघडताच कुबट वास आला आणि तळाच्या फळीवर पांढरी बुरशी दिसली. मूळ रंग आणि स्टेन्सिलने उमटवलेली अक्षरे हीच अशा पेटीची खरी ओळख असल्याने पाणी व सँडपेपर कटाक्षाने टाळले, पेटी सावलीत वाळवली आणि मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी झाडली. बिजागऱ्यांवरचा गंज किंचित तेल लावलेल्या बारीक स्टीलवूलने (केसासारख्या पोलादी तारांच्या बोळ्याने) निघाला. (नव्या बिजागऱ्या बसवण्याचा मोह झाला होता, हे कबूल करतो.) आता पेटी लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून हातभर दूर आहे; आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला फावते, म्हणून आत आर्द्रतामापक ठेवला आहे.