नाताळची विनोदी कालप्रवास कथा कशी लिहावी

१७१८ साली वांद्र्याहून माहीमला जायचं तर होडीने खाडी ओलांडावी लागे, आणि पलीकडे पाय ठेवला की माणूस अकरा दिवस मागे जाई. वांद्र्यात ५ जानेवारी १७१९ उजाडलेली असायची, तेव्हा मुंबईतल्या इंग्रजांकडे २५ डिसेंबर १७१८ असायची. एका काठावर नाताळ होऊन गेलेला, नवं वर्षही लागलेलं. दुसऱ्या काठावर नाताळ आजच.

नाताळात मुलांना वाचून दाखवायला कालप्रवासाची गमतीदार गोष्ट लिहायची असेल, तर सुरुवात अशा खऱ्या गोंधळापासून करावी. नवख्या लेखकांचा सगळा जीव यंत्रात अडकतो. दिवे, चक्रं, धूर यांवर चार पानं जातात आणि हसू कुठेच येत नाही. ऐकणारा हसतो तो काळाच्या तपशिलाला, आणि तो तपशील जितका खरा तितकं हसू मोठं.

पायरी १: स्वतःच घोटाळ्यात असलेला दिवस शोधा

वर सांगितलेला अकरा दिवसांचा फरक कुठून आला, हे आधी नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी राहणार आहे. जुनी ज्युलियन कालगणना सूर्याच्या मागे पडत चालली होती. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ती दुरुस्त केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आली. पोर्तुगालने बदल लगेच मान्य केला. इंग्लंडने मात्र पोपची दुरुस्ती १७५२ पर्यंत लांबवली. वांद्रे, साष्टी आणि वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे. म्हणून दोन कालगणनांची शीव आपल्या माहीमच्या खाडीतून गेली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि या भागातलं पोर्तुगीज राज्य संपलं, म्हणजे आपल्या गोष्टीला त्याआधीचंच साल हवं.

मी १७१८ निवडलं त्याला कारण आहे. हॉर्निमन सर्कलजवळचं आजचं सेंट थॉमस कॅथेड्रल त्याच वर्षी नाताळच्या दिवशी उपासनेसाठी उघडलं. इंग्रजांच्या हिशेबाने तो गुरुवार, २५ डिसेंबर. वांद्र्याच्या हिशेबानेही गुरुवारच, पण ५ जानेवारी. वार दोन्हीकडे एक आणि तारीख वेगळी, हे मुलांना पहिल्यांदा सांगाल तेव्हा ती बोटं मोजायला लागतात. मोजू द्या.

गोष्ट इंग्लंडात न्यायची असेल तर १७५२ घ्या. तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आली, आणि नाताळ नक्की कधी यावर गावोगाव वाद झाला. बकिंगहॅमशरमधल्या क्वेन्टन गावी लोक २४ डिसेंबरच्या रात्री कंदील घेऊन एका काटेरी झाडापाशी जमले. ख्रिस्तजन्माच्या रात्री फुलतं असा त्या झाडाचा लौकिक होता. ते फुललं नाही, तेव्हा नव्या तारखेचा नाताळ खोटा असं लोकांनी ठरवून टाकलं. मला स्वतःला खाडीची गोष्ट जवळची वाटते, म्हणून पुढची उदाहरणं तिचीच देते.

पायरी २: काय होतं, काय नव्हतं

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला तेव्हा असलेल्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला नसलेल्या. नसलेल्यांची यादी जास्त कामाची. माहीमचा कॉजवे नाही, तो १८४५ चा. रेल्वे नाही, ती १८५३ ची. नाताळची शुभेच्छापत्रं नाहीत, ती लंडनमध्ये १८४३ साली निघाली. ‘सायलेंट नाइट’ कुणी म्हणू शकत नाही, ते पहिल्यांदा ऑस्ट्रियात १८१८ मध्ये गायलं गेलं. वांद्र्यातली मराठी ख्रिस्ती बाई आपल्या समाजाला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणार नाही, कारण ते नाव १८८७ मध्ये घेतलं गेलं.

पाव आहे, पण वडापाव नाही. आजच्या मुलीला भूक लागली आणि तिने ‘एक वडापाव’ मागितला, तर हातात कोरडा पाव येईल आणि समोरचा माणूस वड्याची वाट बघत असलेल्या तिच्याकडे बघत उभा राहील. इतका साधा प्रसंग मी मुलांना वाचून दाखवला आहे आणि तो दरवेळी चालतो.

चंद्रही बघून ठेवा. कुठल्याही खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी तारीख घातली की चंद्राची कला कळते. ५ जानेवारी १७१९ च्या सुमारास चंद्र पौर्णिमेला आलेला होता, म्हणजे आपल्या पौष पौर्णिमेचे दिवस. पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते आणि ओहोटी सहाच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी खाडी ओलांडणाऱ्या पात्रांना पाणी कमी आणि चिखल फार. ही माहिती मिळाली आणि माझ्या गोष्टीतला सगळ्यात मजेदार प्रसंग आपोआप उभा राहिला: आजी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्यावर कुलकुलांचा, म्हणजे नाताळच्या गोड खाऊचा, डबा घेऊन चिखलातून चालते आहे आणि नात मागून ओरडते आहे, “आजी, डबा सरळ धर!”

पायरी ३: यंत्र एक, नियम एक

आमच्या गोष्टीत यंत्र म्हणजे तो पत्र्याचा डबाच. आजी आणि नात आजच्या वांद्र्यात कुलकुल वळत बसल्या आहेत, झाकण लागतं आणि दोघी १७१८ च्या वांद्र्यात पोचतात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला. एवढं एका परिच्छेदात उरका. डबा असं का करतो हे कुणीही विचारत नाही.

नियम मात्र घट्ट हवा आणि पहिल्या दोन पानांतच सांगायला हवा: नाताळच्या प्रार्थनेला लोक उभे राहतात, तेवढ्याच वेळात झाकण उघडतं. एकदा वेळ चुकली की पुढचा नाताळ येईपर्यंत वाट बघा. शेवटी अडचण आली म्हणून नवीन नियम काढू नका. मुलं ही लबाडी लगेच पकडतात आणि मग पुढचं काही मनापासून ऐकत नाहीत.

पायरी ४: वेळ चुकवा, आणि सुटका इतिहासातून काढा

नात पाव शोधायला बाहेर पडते आणि मिस्सा संपतो. झाकण घट्ट. आता वर्षभर इथेच! आजी रडत नाही, ती कामाला लागते. आणि दहाव्या दिवशी एका कोळणीच्या तोंडून कळतं की पलीकडच्या टोपीकरांचा नाताळ अजून व्हायचाय.

सुटका अशी मिळायला हवी. ती लेखकाने आकाशातून टाकलेली नाही, खऱ्या कालगणनेतून निघालेली आहे. ऐकणाऱ्याच्या तोंडून इथे ‘अरे हो!’ निघतं, कारण खाडीची गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगितलेली असते आणि तो ती मधे विसरलेला असतो.

पायरी ५: संवाद लिहा, आणि तिसऱ्या माणसाला बोलू द्या

दोन माणसं दोन तारखांवर भांडली की गंमत येते. ती वाढते तिसऱ्या माणसाने. माहीमच्या काठावरचा माझा प्रसंग असा आहे. कंपनीचा शेणवी कारकून वही उघडून बसला आहे, आदल्या संध्याकाळची वेळ आहे.

“कधी निघालात?”

“आजच. ४ जानेवारीला,” नात म्हणाली.

कारकुनाने लेखणी थांबवली. “आज २४ डिसेंबर.”

“मग आम्ही निघायच्या आधीच पोचलो.”

“साल?”

“१७१९.”

“१७१८,” कारकून म्हणाला. “इथे साल मार्चात बदलतं.”

चिखलाने माखलेला तांडेल इतका वेळ वल्ह्यावर रेलून ऐकत होता. तो म्हणाला, “भाऊसाहेब, पोरीला कशाला छळता? उद्या-परवा पुनव. त्या काठाला पण पुनव, ह्या काठाला पण पुनव. तेवढं लिहा आणि सोडा तिला.”

इंग्रजांचं कायदेशीर वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे कारकुनाचं म्हणणं बरोबर. नातीचंही बरोबर. तांडेलाचं तर सगळ्यात बरोबर, कारण त्याची तिथी चंद्रावर आणि होडी भरती-ओहोटीवर चालते. तिघंही बरोबर असताना भांडण होणं, याच्याइतकी चांगली विनोदाची जागा मला दुसरी माहीत नाही. आजी इथे बोलते तेही आपल्या घरातलं असू द्या: “आमच्या शेजारी टिळक पंचांगवाले आहेत. त्यांचा गणपती एकदा महिनाभर आधी बसला होता. आम्ही दोन्हीकडे मोदक खाल्ले.”

भाषा लिहिताना एक पथ्य पाळा. जुनं वाटावं म्हणून प्रत्येक वाक्यात ‘जी सरकार’ आणि ‘हुजूर’ घालू नका. तांडेल आजच्या कोळ्यासारखा बोलला तरी चालेल, फक्त त्याच्या तोंडी त्या काळात नसलेली वस्तू येऊ देऊ नका.

पायरी ६: हसू कुणावर नाही, हे ठरवा

प्रार्थना करणाऱ्या लोकांवर हसू नका. मिस्सा, गोठ्याचा देखावा, गाणी यांच्यापाशी आली की पात्रं थोडी गप्प होऊ द्यात. हसू येऊ द्या घड्याळावर, वहीवर, चिखलावर.

खरी माणसं गोष्टीत आणलीत तर जपून. चर्च उघडलं त्या दिवशी गव्हर्नर चार्ल्स बून हजर होता. चर्चसाठी खटपट करणारा पाद्री रिचर्ड कॉब याने त्या दिवसाची हकीकत लिहून ठेवली आहे. मुंबईतला मोठा हिंदू व्यापारी रामा कामाठी आपल्या जातभाईंसह आला होता आणि उपासना संपेपर्यंत उभा राहून ऐकत होता, हे त्यातूनच कळतं. दोन वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनीने त्याच रामा कामाठीला कैदेत टाकलं. तो कैदेतच वारला. त्याच्याविरुद्ध वापरलेला पुरावा बनावट होता, असं मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे.

आपल्या नातीने हे शाळेच्या प्रकल्पासाठी वाचलेलं आहे. ती दाराशी उभी आहे, शेजारी तो उभा आहे, आत लोक प्रार्थनेला उभे राहत आहेत आणि डब्याचं झाकण सैल व्हायला लागलं आहे. तिच्याकडे एका वाक्याचा वेळ आहे. विनोदी गोष्टीत असा एकच क्षण असावा आणि तो घाईत उरकू नये. माझ्या गोष्टीत ती म्हणते, “काका, कागदांवर विश्वास ठेवू नका.” तो हसतो, तिच्या चिखलाच्या पायांकडे बघतो आणि म्हणतो, “बाळ, आधी पाय धू.” मग झाकण उघडतं. हे वाचताना माझा आवाज दरवर्षी जड होतो, आणि मुलंही तेव्हा चुळबुळ करत नाहीत.

पायरी ७: परत आणा आणि मोठ्याने वाचा

परतीचा प्रवास दोन ओळींत. घरी आल्यावर एकच खूण ठेवा: डब्यातले अकरा कुलकुल कमी. दहा दिवस वांद्र्यात रोज एक-एक खाल्लेला, आणि अकरावा तांडेलाला दिलेला. हिशेब सांगू नका, मुलं स्वतः लावतात.

लिहून झालं की दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला वाचून दाखवा. ‘मग आज नक्की किती तारीख?’ असं त्याने मधेच विचारलं, तर त्या जागी वाक्य सोपं करा. तारखेचा गोंधळ पात्रांना व्हायला हवा, ऐकणाऱ्याला नाही. वीस मिनिटांपेक्षा मोठी झाली तर पहिली कात्री डब्याच्या वर्णनाला लावा, संवादाला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिहायला बसलात तर २४ च्या रात्रीपर्यंत दोनदा वाचून सुधारता येते. आणि नाहीच जमलं, तर ५ जानेवारीच्या संध्याकाळी वांद्र्याच्या किनाऱ्यावर, समोर माहीम दिसतं अशा जागी बसून वाचा.