शांत फिशटँकमध्ये भांडणे का लागतात? मासे निवडताना या चुका टाळा

पहिले पंधरा दिवस टाकीत सारे आलबेल असते. मग एके सकाळी गप्पीच्या शेपटीचा लचका गेलेला दिसतो, निऑन टेट्रा मोजणीत दोन कमी भरतात आणि गौरामी फिल्टरच्या मागे दडून बसलेला आढळतो. अशा वेळी पुष्कळ जण पाण्यात औषध ओततात. परंतु चूक बहुधा खरेदीच्या दिवशीच झालेली असते, आणि ती औषधाने निस्तरत नाही. या लेखात घरोघरी दिसणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी गृहीत धरली आहे. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तळाची वाळू, सजावट आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास पाणी उरते.

जोडीच्या भावाचा मोह

आपल्याकडे दुकानांत मासे जोडीच्या भावाने मिळतात, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ या मापातच आहे. ग्राहक टेट्राची एक जोडी, टायगर बार्बची एक जोडी, एंजलची एक जोडी अशी रंगीबेरंगी पिशवी घेऊन घरी येतो आणि आपण प्रत्येकाला सोबत दिली, असे समाधान मानतो. वास्तविक निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ, हार्लेक्विन रासबोरा आणि तळाशी वावरणारे कॉरिडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. एका जातीचे किमान सहा मासे एकत्र असल्याशिवाय ते निर्धास्त होत नाहीत. दोनच असले तर ते कोपऱ्यात दबून राहतात, रंग फिका पडतो, खाणे कमी होते, आणि दुबळा मासा आजाराला लवकर बळी पडतो.

टायगर बार्बच्या बाबतीत हीच चूक शेजाऱ्यांना भोवते. हा मासा स्वभावतः खोडकर आहे. आठ-दहांच्या थव्यात त्याची पाठलागाची आणि वरचढ ठरण्याची हौस बरीचशी आपापसांत भागते, परंतु जोडीने आणलेले बार्ब हाच उद्योग एंजल, गप्पी किंवा फायटर यांच्या लांब, संथ हलणाऱ्या परांवर सुरू करतात. दहा बार्ब दोन फुटी टाकीत दाटीवाटीने राहतील, म्हणून या टाकीसाठी तो मासाच वगळणे मला योग्य वाटते.

याउलट काही मासे जोडीनेही आणू नयेत. फायटरचे दोन नर एका टाकीत ठेवू नयेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ड्वार्फ गौरामीचे दोन नरही लहान टाकीत एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत आणि फायटरला गप्पी नराची झुलती शेपटी प्रतिस्पर्ध्याची वाटू शकते, याकडे दुर्लक्ष होते. गप्पीची नर-मादी जोडीही फसवी आहे, कारण एकटा नर एकट्या मादीचा अखंड पाठलाग करून तिला थकवतो. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, किंवा पिल्लांचा पसारा नको असल्यास फक्त नर ठेवावेत.

दुकानात दिसते ते पिल्लू

दुकानातील एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि निऑनच्या थव्यातून डौलाने फिरतो. काही महिन्यांत तो हाताच्या पंजाएवढा होतो, आणि मग तोंडात मावणारा प्रत्येक मासा त्याच्या दृष्टीने खाद्य ठरतो. यात दुष्टपणा नाही, केवळ तोंडाचे माप आहे. ‘काच साफ करणारा’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिश फूटभराहून मोठा होतो आणि साफ करण्याहून अधिक घाण करतो. सिल्व्हर शार्क हा खरा शार्क नसून कार्पच्या कुळातला, थव्याने राहणारा मासा आहे; तोही फूटभर वाढतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांचा तर शांत टाकीत विचारही करू नये. म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न ‘हा शांत आहे का?’ हा नसून ‘हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?’ हा आहे. वाढलेला सकर नदीत किंवा तलावात सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. भारतातील अनेक जलाशयांत हा परका मासा अशाच प्रकारे पोहोचून स्थिरावला आहे.

पाणी एकाचे, त्रास दुसऱ्याला

भांडण न होताही मासे एकमेकांना विसंगत असू शकतात. गोल्डफिशला २० अंश सेल्सिअसच्या आसपासचे थंड पाणी मानवते आणि तो भरपूर विष्ठा टाकतो. टेट्रा, गौरामी वगैरे उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २७ अंश लागतात. तरीही पहिल्या खरेदीत गोल्डफिश हमखास असतो. त्याची टाकी वेगळी आणि बरीच मोठी असावी. गप्पी, मोली आणि प्लॅटी दुष्फेन (क्षारांचे, जड) पाण्यात खुलतात, तर निऑन टेट्राला सुफेन (कमी क्षारांचे, हलके) पाणी हवे असते. धरणाचे नळाचे पाणी बहुधा सुफेन आणि बोअरचे बहुधा दुष्फेन असते, तेव्हा आपल्याकडे कोणते पाणी येते ते आधी तपासावे आणि त्याला साजेसा मासा निवडावा. माशासाठी पाण्याचा गुणधर्म बदलत बसण्याचा खटाटोप नवख्या माणसाने करू नये.

दोन फुटी टाकीसाठी, सुफेन पाणी असल्यास, माझी निवड अशी असेल: आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाला सहा छोट्या जातीचे कॉरिडोरास आणि एकच हनी गौरामी. बोअरचे पाणी असल्यास सहा-सात नर गप्पी आणि काही प्लॅटी पुरेत. हे सारे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी घातक द्रव्यात रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही आधी थव्याचे मासे सोडावेत आणि जागेवर हक्क सांगणारा गौरामी सर्वांत शेवटी आणावा.

भांडण आधीच लागले असेल तर

प्रथम ते भांडणच आहे याची खात्री करावी. सगळेच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर दोष पाण्याचा आहे. त्याच दिवशी क्लोरीन काढलेल्या पाण्याने एक-तृतीयांश पाणी बदलावे आणि हवेचा पंप वाढवावा. पराची कड एका रात्रीत तुटून स्वच्छ खाच पडली असेल तर तो चावा समजावा. कड पांढुरकी होऊन दिवसागणिक झिजत असेल तर ती परांची कुज आहे. चावणारा मासा ओळखण्यासाठी खाद्य टाकल्यानंतर आणि दिवा बंद करण्यापूर्वी टाकीपासून थोडे दूर बसून दहा मिनिटे पाहावे, कारण काचेजवळ माणूस उभा असला की सारे मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि गुन्हेगारही साळसूद दिसतो.

तो सापडला की जाळीच्या पेटीत किंवा दुसऱ्या भांड्यात चार-पाच दिवस वेगळा ठेवावा आणि तेवढ्यात दगड, लाकूड व वनस्पती यांची मांडणी पूर्ण बदलावी. परत आल्यावर त्याची जुनी हद्द उरलेली नसते आणि पुष्कळदा खोडी थांबते. आठवडाभरात ती पुन्हा सुरू झाली, तर मासा दुकानदाराला परत द्यावा; पैसे मिळाले नाहीत तरी बहुतेक दुकानदार धडधाकट मासा ठेवून घेतात.