पूर्वज शोधायला निघालात? दफनाच्या नोंदी वाचताना या चुका टाळा (वसई, मुंबई, गोवा)

दर नाताळच्या सुट्टीत कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियाहून कोणीतरी येतं, वसईच्या किल्ल्यात जाऊन फरशीतल्या एखाद्या थडग्याचा फोटो काढतं, आणि संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर जाहीर होतं की आपण पोर्तुगीज सरदाराचे वंशज. खाली हार्ट आणि टाळ्यांचा पाऊस. हे इतक्यांदा बघितलंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करेन.

सगळ्यात मोठी चूक हीच, आडनावावरून उडी मारायची. डिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज ही नावं आपल्याकडे, म्हणजे इथल्या ख्रिस्ती घरांत, रक्तातून आली नाहीत, स्नानसंस्कारातून आली. ज्या फादरने बाप्तिस्मा दिला किंवा जो पोर्तुगीज धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याचं आडनाव चिकटलं, कधी कधी एकदम सगळ्या आळीला एकच. त्यामुळे एकाच गावातले दोन लोपीस एकमेकांचे कोणीही नसू शकतात, आणि किल्ल्यातल्या थडग्यातला लोपीस तर बहुतेक कोणीच नाही.

ओळखीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. आडनाव सांगत नाही, सांगूनही उपयोग नाही इतकं ते वसईत कॉमन आहे. याने किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमधल्या, म्हणजे सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमधल्या एका शिळेवर आपलं आडनाव वाचलं, वर कुलचिन्ह कोरलेलं, मग काय, घरी येऊन वंशावळ तयार. सर्वात वर तो सरदार, सर्वात खाली हा स्वतः, आणि सरदार ते पणजोबा या मधल्या सव्वादोनशे वर्षांसाठी चक्क तुटक रेषा! आजीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला त्याचा फ्लेक्स छापून हॉलच्या दारात लावला, दहा बाय सहा. सगळे फोटो काढतायत. तेवढ्यात त्याचे एक म्हातारे काका काठी टेकत आले, बराच वेळ फ्लेक्स वाचला आणि विचारलं, "बाळा, एवढे सरदार होतो तर तुझा पणजोबा दुसऱ्याच्या केळीच्या वाडीत मजुरीला का जायचा रे?" हॉलमध्ये जे हसं झालं त्यानंतर पोरगं माझ्याकडे आलं, तेही रागावून, जणू मीच काकांना पाठवलं होतं.

आता त्या रेषेतली गडबड काय ते बघा. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून. किल्ल्याच्या आत राहणारे मुख्यतः पोर्तुगीज, त्यांचे अधिकारी, मिशनऱ्यांचे मठ. थडगी त्यांची. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा शरणागतीच्या कलमांनुसार हे लोक सामानसुमानासह जहाजांतून निघून गेले. किल्ला सोपवणाऱ्या कप्तानाचं नाव काएतानो द सोझा परेरा, म्हणजे आपल्याकडची दोन सगळ्यात कॉमन आडनावं एकाच माणसात, म्हणून काय सगळे सोझा आणि सगळे परेरा त्याची नातवंडं? मागे राहिले ते इथले शेतकरी, मच्छीमार, कारागीर ख्रिस्ती. आपण त्यांचे. यात कमीपणा कुठे आहे मला खरंच कळत नाही, उलट राज्यकर्ते गेले आणि हे टिकले, हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. पोर्तुगीजांनी इथल्या बायकांशी लग्नं केली हे खरं आहे, गोवा घेतल्यावर आफोंसो द अल्बुकर्कने तर ते धोरण म्हणूनच चालवलं, आणि अशा संसार थाटून स्थायिक झालेल्यांना कासादो म्हणायचे. तुमचं घराणं त्यातलं असूही शकतं. पण ते कागदाने दाखवा, आडनावाने नाही.

शेवटी त्या पोराने काय केलं, तर जे आधी करायला हवं होतं ते. बापापासून सुरुवात. बापाचा दाखला, त्यावरून आजोबांच्या लग्नाची नोंद, त्यात आजोबांच्या आईवडिलांची नावं, मग त्यांचा स्नानसंस्कार, अशी एकेक पायरी मागे. पणजोबांच्याही मागे दोन पिढ्या लागल्या आणि दर वेळी धर्मपिता-धर्ममाता त्याच एका आळीतले निघाले, त्यावरून घराणं पक्कं झालं. किल्ला कुठेच आला नाही. आता फ्लेक्स छोटा आहे पण खरा आहे.

किल्ल्यातल्या शिलालेखांचं कुतूहल असेलच तर जरूर वाचा, बरेचसे लेख इतिहासकार जर्सन दा कुन्हांनी १८७६ सालच्या आपल्या चौल-वसईवरच्या पुस्तकात उतरवून ठेवलेत, झिजलेल्या दगडावर टॉर्च मारत बसण्यापेक्षा ते बरं.

दुसरी माझी आवडती चूक, म्हणजे ज्या चुकीवर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ती: दगडावर नाव आहे म्हणजे खाली तोच माणूस आहे, आणि दगडावर नाव नाही म्हणजे तो तिथे नाहीच. दोन्ही साफ चूक. आपल्या सिमेट्रीत जागा किती असते? मुंबई, वसई, गोवा, सगळीकडे साधी कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात, आधीच्या माणसाची हाडं काढून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, नाहीतर अस्थिकुंडात जातात, आणि नवीन माणूस त्याच जागी. पर्मनंट कबर घेणारी घरं थोडी. म्हणजे तुमचे खापरपणजोबा त्याच सिमेट्रीत पुरलेले असतील पण आज त्या जागेवर गेल्या दशकातली कोणीतरी मावशी आहे. सिमेट्रीत दोन तास फिरून "आमचे कोणीच नाहीत इथे" म्हणणारे लोक मला भेटतात. अहो, चर्चच्या ऑफिसात मयत रजिस्टर आहे, ते बघा ना!

गोव्यात अजून एक गंमत. जुन्या चर्चच्या फरशीत ज्या शिळा आहेत त्यांच्यावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की ही कबर अमक्याची "आणि त्याच्या वारसांची". म्हणजे ती घराण्याची जागा आहे, एका माणसाचं थडगं नाही, आणि वरचं साल पहिल्या माणसाचं किंवा जागा घेतल्याचं असू शकतं. खाली किती पिढ्या गेल्या ते दगड सांगत नाही. आणि ओल्ड गोव्याच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये अख्खी फरशीच अशा शिळांची आहे, तिथे जाऊन आडनाव शोधण्याचा कार्यक्रम करू नका, वर सांगितलंय तेच होईल.

मुंबईच्या गावठाणांतले क्रूस हा त्याचाच चुलतभाऊ. वांद्रे, गिरगाव, जिकडे तिकडे गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहेत, काहींवर १८९६-९७ च्या आसपासची सालं. लोक समजतात खाली कोणीतरी पुरलंय. बाबांनो, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा तो टळावा म्हणून नवस बोलून किंवा टळल्यावर आभार म्हणून यातले बरेच क्रूस उभारले. कबर नाहीत त्या. पण तुमचं घर त्या गल्लीतलं असेल तर त्या सालांच्या पुढचीमागची मयत रजिस्टरं जरूर बघा, एकाच घरातली तीन-चार माणसं एका महिन्यात गेलेली सापडतात आणि अचानक कळतं की आजोबा मामाकडे का वाढले.

आता नोंद वाचताना होणाऱ्या चुका. जुनी रजिस्टरं पोर्तुगीजमध्ये किंवा लॅटिनमध्ये, अक्षर फादरगणिक वेगळं. महिन्याच्या जागी ७ब्रो लिहिलेलं दिसलं की सगळे नवशिके जुलै लिहितात. तो सप्टेंबर आहे! सप्त, अष्ट, नव, दश हे आपल्याला तर शाळेपासून माहीत आहे, त्याच हिशोबाने ७ब्रो सप्टेंबर, ८ब्रो ऑक्टोबर, ९ब्रो नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स लावून ब्रो म्हणजे डिसेंबर. एका बाईंनी या चुकीपायी स्वतःच्या खापरपणजीला मुलाच्या जन्माआधीच पुरून टाकलं होतं आणि वर "रजिस्टरच चुकीचं आहे" म्हणून पॅरिशच्या, म्हणजे आपल्या हद्दीच्या चर्चच्या, ऑफिसात भांडून आल्या.

वय कधीही जसंच्या तसं धरू नका. साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडे दिसले की समजा फादरने अंदाजाने लिहिलंय, मी पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धरतो.

बाईचं आडनाव लग्नानंतर बदललंच असेल हेही धरून चालू नका. जुन्या नोंदीत बायका माहेरच्या नावाने, नाहीतर "रोझारियो", "द जेझूस" असल्या भक्तीच्या नावाने येतात, आणि सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी असलेलीही सापडतात.

एकाच नावाची दोन माणसं एक समजणं, यात तर ऑनलाइन झाडं बनवणाऱ्यांनी कहर केलाय. नावं मोजकी, पेद्रो, जुवांव, आंतोन, मारिया, आणि त्यात मोठ्यांच्या मयताच्या नोंदीत आईबापाचं नाव बरेचदा नसतंच, फक्त नवरा किंवा बायको. मग ॲप सुचवतं, हे बोट दाबतात, झालं, दोन वेगळ्या आळ्यांतले दोन पेद्रो एकजीव. माझी सवय अशी की प्रत्येक माणसाला वहीचं एक स्वतंत्र पान, पेन्सिलने, आणि त्यावर तीन गोष्टी असल्याशिवाय दोन पानं जोडायची नाहीत: आळी किंवा वाडा, जोडीदाराचं नाव, आणि घराण्याचं टोपणनाव. टोपणनाव सर्वात भारी. रजिस्टरमध्ये नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना घरं आडनावाने नाही टोपणनावानेच माहीत असतात. त्यांच्याकडे आधी जा, चर्चचं पुस्तक काय पुढच्या वर्षीही असणार आहे.

चुकीच्या राजवटीत, चुकीच्या कपाटात शोधणं ही थोडी शिकलेल्या लोकांची चूक. साष्टी बघा (मुंबईजवळची, गोव्यातली नव्हे), १७३९ पर्यंत पोर्तुगीज, मग मराठे, १७७४ अखेरीस इंग्रज. वसई १८१७-१८ च्या युद्धापर्यंत जवळजवळ मराठ्यांकडेच. म्हणजे मधल्या काळात जमिनीचा, वतनाचा कागद असेल तर तो मोडी लिपीत, आणि त्यासाठी पुण्याचं पुराभिलेखागार, लिस्बन नाही. चर्चचंही तसंच. मुंबईत १७९४ पासून दोन अधिकार चालायचे, काही चर्च पादरोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयातल्या चर्चव्यवस्थेच्या हाताखाली, काही प्रोपागांदाच्या, म्हणजे थेट रोमच्या मिशन खात्याच्या, आणि हा घोळ १९२८ पर्यंत. घर तेच, पण भांडण झालं म्हणून माणसं दुसऱ्या चर्चला गेली, अशा वेळी एका पुस्तकात घराणं अचानक गायब होतं. ते मेले नाहीत, शेजारच्या पॅरिशमध्ये बघा. वसई तर १८८६ ते १९२८ दमणच्या डायोसिसमध्ये, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखाली होती, मग मुंबईच्या, आणि स्वतःची डायोसिस १९९८ मध्ये. पत्र लिहिताना कुठल्या काळाचं कोणाला विचारायचं एवढं तरी बघून घ्या.

आणि ते लंडनचं. ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या १७०९ पासूनच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती आहेत, फिबिस (ब्रिटिशकालीन भारतातल्या घराण्यांचा शोध घेणारी संस्था) च्या साइटवर त्यातला बराचसा इंडेक्स फुकट शोधता येतो. छान आहे, पण त्या मुख्यतः गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. तिथे १८४० च्या सुमाराचा कोणी "ईस्ट इंडियन" म्हणून दिसला तर नाचू नका, त्या काळात इंग्रज ते मिश्र रक्ताच्या लोकांना म्हणायचे, आपल्या, म्हणजे मुंबई-वसईकडच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांनी ते नाव १८८७ मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी. आणि तुम्ही खरंच कंपनीच्या काळातला इंग्रज पूर्वज शोधत असाल तर १७५२ आधीच्या तारखा जपून, तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि कॅलेंडर पोर्तुगीजांच्या अकरा दिवस मागे होतं, म्हणजे इंग्रजांच्या माहीममध्ये आणि पोर्तुगीजांच्या वसईत एकाच दिवशी दोन वेगळ्या तारखा.

गोव्यात १९१४ पासून सरकारी नोंदणी आहे, त्यामुळे विसाव्या शतकातल्या आजोबांसाठी आधी तिकडे जा, चर्चच्या मागे लागू नका.

डीएनए किट: पैसे जास्त झाले असतील तर घ्या.

दगड वाचताना खडू, तेल, तारेचा ब्रश, शेव्हिंग फोम, यातलं काहीही नको, फोटो एकदाच चांगला येतो आणि दगड कायमचा जातो. सकाळी लवकर जा, तिरक्या उन्हात अक्षरं आपोआप उठतात. ऊन नसेल तर टॉर्च बाजूने धरा.

आणि पॅरिश ऑफिसला "डिसोझा फॅमिलीचं सगळं रेकॉर्ड पाठवा, अर्जंट" असा मेल करू नका प्लीज. एक माणूस, त्याचं नाव, जोडीदाराचं नाव, अंदाजे साल, आळी, एवढं लिहा. रविवारी मिस्सानंतर फादरला दारात गाठू नका, डिसेंबरात तर अजिबात नाही. मधल्या वारी सकाळी जा, रजिस्टर स्वतः हाताळायचा हट्ट धरू नका, फ्लॅश बंद ठेवा, आणि ऑफिसातल्या बाईंना दुपारी एकला जेवायला जाऊ द्या.