मरगळ आलीय? आधी नीट आवरा

नोकरी सुटली, बाळंतपण झालं किंवा आजारपण लांबलं की माणूस आधी आरसाच टाळतो आणि मग "बरं वाटलं की आवरू" म्हणत दिवस जातात, तर हे उलटं करायचं, आधी आवरायचं, मूड मागून येतो. डिप्रेशनच्या उपचारातही ही पद्धत वापरतात, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात तिला.

सुरुवात नखं-केसांपासून करा. बडोद्याच्या उन्हात एसपीएफ ३० सनस्क्रीन हवंच, दोन बोटांवर लांब रेघ ओढली की चेहऱ्याला-मानेला पुरतं, बाहेर असाल तर दर २ तासांनी परत. गोरं करणाऱ्या क्रीमच्या नादी अजिबात लागू नका, काहींमध्ये स्टेरॉइड असतं, त्वचा पातळ होते.

आणि कपडे आत्ताच्या मापाचे घाला प्लीज! "बारीक झाल्यावर घालू" म्हणून ठेवलेले ड्रेस रोज मनाला टोचतात, देऊन टाका. मंगळबाजारातून दोन साधे कुर्ते आणा, टेलरकडून फिटिंग करून घ्या, खांद्याची शिवण बरोबर हाडावर आली पाहिजे, तेवढ्यानंही माणूस ताठ उभा राहतो. मग तसेच तयार होऊन संध्याकाळी कमाटीबागेत चक्कर मारून या.

दोन आठवडे झाले तरी मन उदासच असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे.