साध्या बॅगेचा स्पॉरन करताय? या चुका टाळा

स्कॉटलंडमधले पुरुष नेसतात त्या निऱ्यांच्या लोकरी घागऱ्याला, म्हणजे किल्टला, खिसे नसतात. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, रुमाल हे सगळं जातं पुढे कमरेखाली लटकणाऱ्या स्पॉरनमध्ये. आठ यार्ड लोकरीचा अस्सल किल्ट शिवून घ्यायचा तर काही शे पौंड तिथेच खर्च होतात आणि स्पॉरनच्या वेळी हात आखडता घ्यावा लागतो. शिकायला किंवा नोकरीला स्कॉटलंडात आलेल्या आणि मित्राच्या लग्नात पहिल्यांदा किल्ट नेसणाऱ्या आपल्या मुलांपुढेही हाच प्रश्न असतो. मग घरातली जुनी स्लिंग बॅग, कॅमेऱ्याची केस किंवा चॅरिटी शॉपमध्ये पाच-दहा पौंडांत मिळालेली चामड्याची पर्स कामाला येते.

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. जुन्या काळचा स्पॉरन म्हणजे हरणाच्या कातड्याची, तोंडाला दोरी ओवलेली, आपल्या बटव्यासारखी साधी पिशवी होती. धातूच्या कमानीचं तोंड सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात आलं. गुडघ्यापर्यंत केस लोंबणारे भलेमोठे स्पॉरन लष्करी पोशाखाच्या प्रभावाने पुढे रुळले. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, लेखक वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट उभा केला आणि हायलंडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख दरबारी फॅशनमध्ये जाऊन बसला. तेव्हा चामड्याची साधी पिशवी कमरेला बांधणारा माणूस परंपरेच्या मुळाजवळच असतो, असं माझं ठाम मत आहे. पण ती बांधायची रीत चुकली तर किल्ट खराब होतो, आणि किल्ट बॅगेच्या कितीतरी पट महाग असतो.

बॅग फक्त पुढून बघून घेणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. दुकानात आपण बॅगेचा फ्लॅप बघतो, चामड्याचा रंग बघतो, बकल बघतो. किल्टला मात्र लागते ती बॅगेची मागची बाजू. किल्टच्या पुढच्या सपाट भागाला एप्रन म्हणतात. चालताना प्रत्येक पावलाला स्पॉरन त्या एप्रनवर घासतो. मागे झिप असेल, वेल्क्रो असेल, रिव्हेटची टोकं किंवा खरखरीत कॅनव्हास असेल तर लोकरीचे धागे ओढले जातात, गोळे येतात आणि काही महिन्यांत तिथे एक झिजलेला चट्टा दिसू लागतो. हा भाग ऐन समोर असल्याने तो लपवताही येत नाही.

म्हणून बॅग हातात घेतली की आधी उलटी करा. पाठ सपाट हवी, गुळगुळीत हवी. रुंदी सात-आठ इंच, उंची साधारण तेवढीच किंवा किंचित जास्त. जाडी दोन इंचांच्या पुढे गेली तर बॅग पोटापासून पुढे निघते आणि बसल्यावर मांडीवर आडवी येते. मागच्या बाजूला खिसा असेल तर त्याची झिप काढून खिसा शिवून बंद करणं शक्य आहे का ते बघा. शक्य नसेल तर ती बॅग सोडून द्या, पुढून कितीही देखणी असली तरी.

दुसरी तपासणी रंगाची. पांढरं सुती फडकं थोडं ओलं करून बॅगेच्या पाठीवर दाबून घासा. फडक्याला काळा किंवा तांबूस रंग लागला तर तोच रंग पावसात भिजल्यावर तुमच्या टार्टनला, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाला, लागणार. स्वस्त काळ्या चामड्याच्या बॅगांत हे फार आढळतं. उपाय सोपा आहे. मऊ, न रंगवलेल्या चामड्याचा तुकडा बॅगेच्या पाठीच्या मापाने कापायचा, गुळगुळीत बाजू किल्टकडे ठेवायची आणि कडेकडेने शिवून टाकायचा. नुसत्या गोंदावर भिस्त ठेवू नका. अंगाच्या उबेने आणि ओलाव्याने तो सुटतो आणि सुटलेली कड पुन्हा लोकरीलाच घासते.

कमरेच्या रुंद पट्ट्यातच ओवणं

बेल्टमध्ये अडकवायच्या पाऊचच्या बाबतीत हा मोह हमखास होतो. मागे आयता लूप असतो, किल्टवर रुंद पट्टा असतो, घातला की झालं. पण किल्ट बेंबीच्या उंचीवर नेसतात आणि पट्टाही तिथेच असतो. पाऊच त्या पट्ट्यात ओवला की तो थेट पोटावर येतो, बकल झाकलं जातं आणि वजनाने पट्टा पुढे झुकतो.

स्पॉरनला स्वतःचा वेगळा, अरुंद पट्टा लागतो आणि तो नितंबांवर टेकतो. बकलच्या खालच्या कडेपासून चार बोटं किंवा फार तर एक तळहात अंतर सोडून स्पॉरनची वरची कड यावी. उभं राहून माप घेतलंत तरी एकदा खुर्चीत बसून बघा. खाली फार लोंबत असेल तर चालताना प्रत्येक पावलाला तो उडतो आणि नको तिथे आपटतो. पट्टा दोन भोकं आवळला की बहुतेक वेळा हा त्रास संपतो.

स्लिंग बॅगेचा मूळ लांब पट्टाच कमरेला गुंडाळणारेही भेटतात. नायलॉनचा पट्टा लोकरीवरून सरकतो, बॅग एका बाजूला कलते आणि दर दहा मिनिटांनी ती सावरत बसावं लागतं. मूळ पट्टा काढून टाका. स्पॉरनचा तयार पट्टा वेगळा विकत मिळतो. मागे चामडं आणि पुढे दोन्ही टोकांना साखळीचे तुकडे, अशी त्याची रचना असते. साध्या बॅगेलाही त्याने एकदम स्पॉरनचं रूप येतं. पैसे खर्च करायचे तर इथे करा.

कड्या चुकीच्या जागी बसवणं

बॅगेला पट्टा अडकवायला मागे दोन डी-कड्या बसवाव्या लागतात. सगळं तंत्र याच कामात आहे. कड्या पाठीच्या मध्यावर बसवल्या तर बॅगेचा बराच भार टांगणीच्या वर राहतो आणि वरचं तोंड पुढे कलंडतं. आत मोबाइल ठेवला की ती चक्क पालथी व्हायला बघते. कड्या एकमेकींच्या फार जवळ असतील तर बॅग दोन्हीकडे डुलते. म्हणून कड्या वरच्या कडेला, अगदी काठाच्या खाली आणि दोन्ही कोपऱ्यांपासून साधारण एक-एक इंच आत घ्याव्यात.

पक्कं चामडं घ्या, जुन्या बेल्टचंही चालतं. त्याच्या पाऊण इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी कडीतून ओवून दुमडा. बॅगेच्या पाठीवर पेन्सिलने खुणा करा, मग दोन्ही कड्यांत दोरी अडकवून बॅग कमरेला लावून आरशात बघा. डावी-उजवी उंची सारखी दिसली तरच पुढचं काम. आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या जाड दोऱ्याने दोन सुयांचे टाके घाला, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. आतल्या बाजूने चामड्याचा एक तुकडा आधाराला ठेवा, नाहीतर बॅगेचं पातळ अस्तर वजनाने फाटतं. रिव्हेट वापरायचेच असतील तर त्यांची चपटी, गुळगुळीत टोपी किल्टच्या बाजूला येऊ द्या आणि वरून अस्तराचा तुकडा चढवा. हे काम स्वतःला जमणार नसेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्या. त्याच्यासाठी ते थोड्या वेळाचं काम आहे.

बॅग हलू नये म्हणून काही जण ती सेफ्टी पिनने एप्रनला टाचून टाकतात. हे अजिबात करू नका. कापडाला भोक पडतं, हे एक. आणि स्पॉरन जागचा हलायलाच हवा, हे त्याहून महत्त्वाचं. ‘केली’ या स्कॉटिश मेळाव्यात नाचताना, गाडी चालवताना किंवा गळ्यात ढोल अडकवताना तो फिरवून कुशीवर नेतात. स्ट्रिप द विलोसारख्या नाचात भर वेगाने गिरक्या घेताना स्पॉरन समोर राहिला तर जोडीदारालाही लागतो.

निऱ्यांकडे दुर्लक्ष

पुढे एवढी काळजी घेऊन मागे साखळी तशीच लोंबू देणारे खूप. मागच्या निऱ्या हा किल्टचा सगळ्यांत मेहनतीचा भाग, आणि धातूची साखळी त्या निऱ्यांच्या कडा कापल्यासारख्या झिजवते. मागे चामडंच हवं. बकल मागे मणक्यावर येत असेल तर ते बाजूला घ्या. किल्टला मागे दोन लूप असतात, पट्टा त्यांतून ओवा म्हणजे तो सरकत नाही. भार कापडावर पडूच नये असं वाटत असेल तर कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या चामड्याच्या छोट्या टांगण्या मिळतात, त्यांना स्पॉरन लावता येतो.

पोट फुगेपर्यंत भरणं

साधी बॅग मुळात सामान कोंबायलाच बनलेली असते, त्यामुळे ही सवय जात नाही. एक पौंडाचं नाणं 8.75 ग्रॅमचं, दोन पौंडांचं 12 ग्रॅमचं. मूठभर सुटे पैसे, किल्ल्यांचा जुडगा, मोठा मोबाइल आणि पॉवर बँक एकत्र आली की पट्टा खाली घसरलाच म्हणून समजा. मोबाइल पाठीच्या बाजूला उभा ठेवा, किल्ल्या कापडी थैलीत घाला म्हणजे खुळखुळणार नाहीत. पॉवर बँक कोटाच्या खिशात जाऊ द्या. मोबाइल आत जातो का हे बॅग घेण्याआधीच बघायचं, कारण जुन्या कॅमेरा केस दिसतात मोठ्या पण आतल्या कप्प्यांमुळे जागा उरत नाही. ते कप्पे बहुधा टाके उसवून काढता येतात.

प्रसंग न बघणं

चामड्याची साधी बॅग दिवसाच्या कार्यक्रमाला छान शोभते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी स्कॉटलंडातल्या ब्रेमार गावात भरणारे पारंपरिक खेळ, डोंगरातली भटकंती, कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ मित्रांसोबतची 25 जानेवारीची बर्न्स नाइट, दुपारचं लग्न, कुठेही न्या. पण संध्याकाळच्या मेजवानीला, प्रिन्स चार्ली हे आखूड, औपचारिक जॅकेट आणि बो टाय असताना ती विजोड दिसते. तिथे फरचा, चांदीच्या रंगाच्या कमानीचा स्पॉरन घालतात, आणि एका संध्याकाळीपुरता तो भाड्याने मिळतो. मोठा लोगो असलेली किंवा चकचकीत नायलॉनची बॅग मी कुठल्याच किल्टवर सुचवणार नाही. लोकर आणि चामडं ही दोन्ही नैसर्गिक, जड पोताची. त्यात नायलॉन परकंच वाटतं.

सजावटीचा अतिरेकही टाळा. दोन-तीन चामडी गोंडे पुरतात. फ्लॅपवर लष्कराच्या कुठल्याही रेजिमेंटचा बॅज लावू नका. तो मिळवावा लागतो, आणि समोरच्याच्या घरातलं कुणी त्या रेजिमेंटमध्ये असू शकतं.

फर आणि प्रवास

जुन्या फरच्या पर्सचा उंची स्पॉरन करायची कल्पना चांगली वाटते, पण फर कोणत्या प्राण्याची हे कळल्याशिवाय हात घालू नका. सीलच्या कातडीची वस्तू अमेरिकेत नेता येत नाही, तिथे 1972 पासून सागरी सस्तन प्राण्यांसाठीचा कायदा आहे. सीलच्या उत्पादनांच्या व्यापारावर युरोपीय संघानेही 2009 च्या कायद्याने मोजके अपवाद सोडून बंदी घातली. दुकानदाराला सांगता आलं नाही तर गाईच्या कातड्याची बॅग घ्या, विमानतळावर त्याबद्दल कुणी विचारणार नाही. आणि विमानात बसण्याआधी स्पॉरनचा प्रत्येक कप्पा रिकामा करून बघा. लग्नानंतर मोज्यातला छोटा सुरा, स्कीअन डू, काढून अनेक जण स्पॉरनमध्येच ठेवतात आणि तो तिथेच राहतो. त्याची जागा चेक-इन केलेल्या सामानात.